स्वतःच्याच गावात पाहुणी: हुरडा, शेंगापोळी आणि एक झोकदार हॉटेल

सोलापुरात घराबाहेर पडून मनासारखा वेळ घालवायचा असेल, तर वर्षातून त्यासाठी जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. होळी झाली की ऊन असे चढू लागते की दुपारी बारा ते पाच या वेळात शहाणा माणूस पंख्याखालून हलत नाही. पाऊस आमच्याकडे येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा, चहाचे आधण ठेवेपर्यंत उठून जाणारा. दिवाळीनंतर हवेत गारवा आला, की मग मात्र सारे गाव खाण्याफिरण्याच्या मागे लागते. शेतात ज्वारी हुरड्यात येते, होम मैदानावर सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे, म्हणजे जत्रेचे, पाळणे उभे राहतात आणि गल्लीतल्या कोणत्या घरी शेंगापोळीचा घाट घातला आहे, हे भाजलेल्या दाण्यांच्या वासावरून कळते. यंदा संक्रांतीला ठाण्याहून दादा, वहिनी आणि भाची तीन रात्रींसाठी आले, तेव्हा या तिन्हींच्या जोडीला एका नव्या हॉटेलाचाही अनुभव पदरी पडला. पैसे मोजून घेतलेल्या त्या अनुभवाचे हे परीक्षण आहे.

हॉटेल घेण्याचे कारण अगदी घरगुती होते. आमच्या घराचे रंगकाम संक्रांतीच्या तोंडावर रेंगाळले होते. रंगाऱ्याने दिवाळीचा वायदा केला होता, एवढेच सांगते. दोन खोल्यांतले सामान तिसऱ्या खोलीत रचलेले असताना पाहुण्यांना झोपवायचे कोठे, म्हणून शहरात नव्याने झालेल्या पाच मजली हॉटेलात दोन खोल्या घेतल्या आणि भाचीच्या हट्टामुळे पहिली व शेवटची रात्र मीही तिच्या खोलीत काढली. ज्या गावात जन्म गेला, त्याच गावात लिफ्टने चौथ्या मजल्यावर जायचे आणि दाराला कार्ड लावून खोलीत शिरायचे, यात एक वेगळीच गंमत आहे. शेजारणींना मी हे अजून सांगितलेले नाही. हॉटेलाचे नावही लिहीत नाही, कारण संक्रांतीच्या गर्दीतल्या दोन रात्रींवरून कोणाच्या नावावर शिक्का मारणे मला बरे वाटत नाही.

वंदे भारत २०२३ साली सुरू झाल्यापासून मुंबईकडचे नातेवाईक दुपारी निघून त्याच रात्री सोलापुरात उतरतात. ही सोय मोठी खरी, पण गाडी येते ती रात्री पावणेअकराच्या सुमाराला, आणि म्हणून हॉटेलाची पहिली परीक्षा त्याच वेळी होते. येथे स्वागतकक्षातला मुलगा जागा होता, नम्र होता, मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही सहज बोलत होता. पण स्वयंपाकघर बंद झालेले होते. गाडीत जेवण मिळालेले असले तरी प्रवासानंतर गरम काहीतरी पोटात जावे, असे वहिनींना वाटत होते. खोलीत किटली, चहाच्या पुड्या आणि दुधाची पूड होती. पिठीसारखी पांढरी ती पूड गरम पाण्यात विरघळता विरघळत नव्हती. ज्या गावाची थंडी घोटभर कडक चहावर निघते, तेथल्या हॉटेलाने रात्री बारापर्यंत एक गॅस चालू ठेवायला हरकत नसावी.

खोली मात्र खरोखर देखणी आहे. लिफ्टसमोरच्या भिंतीवर पूर्व भागातल्या विणकरांच्या हातचा मोर असलेला वॉल हँगिंग लावला आहे. तो नुसता टांगून न ठेवता त्यावर बाजूने मंद दिवा सोडल्यामुळे मोराच्या पिसाऱ्यातला एकेक धागा उठून दिसतो. मी तेथे दोनदा थांबले. न्हाणीघरातला टॉवेल इतका जाड आणि मऊ होता की भाचीने त्याची कड उलटून लेबल वाचले आणि ओरडली, “आत्या, हा तर सोलापूरचाच आहे!” आमच्या गावचे टेरी टॉवेल कोठकोठे जातात ते ऐकून ठाऊक होते, पण चकचकीत नळाशेजारी घडी करून ठेवलेला तो पाहताना मला उगीचच अभिमान वाटला. मग पलंगावर भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर का नसावी, हे कोडे काही सुटले नाही. तेथे होती पांढरी, फुगीर, कोणत्याही शहरात शोभेल अशी रजई. त्यात वातानुकूलन मध्यवर्ती असल्याने बंद करता येत नव्हते, म्हणजे पौषातल्या थंडीत आम्ही यंत्राची थंडी अंगावर घेत झोपलो. शेवटच्या रात्री मी घरून दोन चादरी नेल्या. रंगकामाच्या ढिगाऱ्यातून त्या शोधून काढायला अर्धा तास लागला, पण रात्र सुखाची गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धेश्वराच्या यात्रेतला, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा होता. त्याचे वर्णन येथे लांबवत नाही, कारण तो परीक्षणाचा विषय नव्हे. कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या, योगदंडाशी झालेला प्रतीकात्मक विवाह, त्यासाठी यात्रेचे मानकरी असलेल्या हिरेहब्बूंच्या वाड्यापासून मिरवत आणलेले सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे आणि ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ ऐकताच हजारो हातांनी एकाच वेळी उधळलेल्या अक्षता, हे सारे पाहताना दादासारखा बोलका माणूसही गप्प झाला होता. बाहेरगावच्या लोकांना फक्त एवढे सांगते, की या दिवसांत मंदिराच्या आसपास वाहन नेण्याचा विचारही करू नये. पार्क चौकाच्या अलीकडेच उतरून पायी जावे. वाटेत चिरमुरे-फुटाणे घेता येतात आणि चालण्याचे काही वाटत नाही.

खरी सहल घडली ती संक्रांतीच्या सकाळी, बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला. हा रस्ताच मुळात सावकाश जाण्यासारखा आहे. एका अंगाला ज्वारीची काळी रानं आणि दुसऱ्या अंगाला गवताळ माळ, असा तो चालतो. १९७९ साली माळढोकासाठी राखलेले अभयारण्य याच भागात आहे. माळढोक आता दिसत नाही. दादाने लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिल्याचे तो शपथेवर सांगतो, आणि त्याच्या शपथांचा इतिहास ठाऊक असूनही मी ते मान्य करते. काळविटांचा एक कळप मात्र रस्त्यापासून फार लांब नव्हता. नर मान वर करून क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला, आणि भाचीने मोबाइल काढेपर्यंत सगळे गवतात विरूनही गेले. नान्नज द्राक्षांचेही गाव आहे. नानासाहेब काळे यांनी निवडून वाढवलेले ‘सोनाका’ हे वाण येथलेच. पण जानेवारीत द्राक्षे मागू नयेत. ती तेव्हा आंबट असतात, आणि तरीही पाहुण्यांचे मन राखायला कोणी घड तोडून दिलाच, तर तोंड वेडेवाकडे न करता खावा लागतो.

आम्ही गेलो ते एका शेतकरी कुटुंबाने स्वतः चालवलेले हुरड्याचे ठिकाण. माणशी साडेचारशे रुपये, त्यात हुरडा आणि नंतरचे जेवण. बांधावर लिंबाच्या झाडाखाली गोणपाटे अंथरलेली होती आणि मधोमध आगटी, म्हणजे वीतभर खोल खड्ड्यात गोवऱ्यांचा निखारा. घरच्या काकू स्वतः आगटीशी बसल्या होत्या. हिरवी कणसे निखाऱ्यात खुपसायची, काडीने एकदा फिरवायची, आणि दाण्यांची कातडी काळपट होऊन वाफेला गोड वास सुटला की लगेच बाहेर काढायची. मग कणीस दोन्ही तळहातांत धरून चोळायचे, पाटीत पडलेल्या दाण्यांवरचे तूस फुंकर मारून उडवायचे, आणि मूठ थेट समोरच्याच्या हातावर रिकामी करायची. पहिली मूठ हातावर पडली तेव्हा वहिनींनी ताटलीसाठी इकडेतिकडे पाहिले. काकू हसून म्हणाल्या, “ताटलीत गार होतंय वहिनी, हातावरच घ्या. हुरडा थांबत नसतो कुणासाठी.”

त्यांचे म्हणणे खरे होते. चोळल्यापासून दोन मिनिटांच्या आत खाल्लेला हुरडा दाताखाली मऊ पण चिवट, धुराचा किंचित वास असलेला आणि शेवटी दुधासारखा गोड लागतो; तोच दहा मिनिटांनी खाल्ला तर शिळ्या भातासारखा घट्ट होतो. मुळात हे खाणेच घटका मोजून करायचे आहे. दाण्यात दूध भरून ते घट्ट होऊ लागलेले असते, पण त्यातल्या साखरेचे पिठात रूपांतर झालेले नसते, तेवढेच आठ-दहा दिवस कणीस हुरड्याचे असते. त्यानंतर ते भाकरीचे होते. म्हणून काकूंच्या मालकांनी एकाच रानात आठवड्या-आठवड्याच्या अंतराने पट्टे पेरले होते आणि त्या दिवशी विहिरीकडचा पट्टा काढणीला होता. शिवाय कोणतीही ज्वारी हुरड्याला चालत नाही. आमच्याकडची भाकरीची मालदांडी दाण्यावरचे तूस सहजासहजी सोडत नाही. हुरड्यासाठी सुरती, गुळभेंडी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली फुले मधुर अशी वाणे लागतात, ज्यांचा दाणा चोळताच मोकळा होतो. आम्ही खाल्ली ती गुळभेंडी.

सोबत जे मांडले होते त्यात कोठेही हात आखडता नव्हता. गूळ, कवडी दही, लसणाची चटणी, गोडीशेव, रेवड्या, हरभऱ्याचे डहाळे, बोरे, उसाची कांडकी असे सारे होते. आणि या सर्वांच्या वर शेंगाचटणी, तीही मिक्सरमधून भुगा होऊन आलेली नव्हे, तर उखळात कुटून तेल सुटलेली, चिमटीत धरली की गोळा होणारी. गरम हुरड्याच्या मुठीवर ही चटणी आणि वर गोडीशेवेचे दोन तुकडे टाकून खाल्ले की तिखट, गोड आणि धुरकट या तिन्ही चवी एका घासात येतात. भाचीने मोजून सात मुठी खाल्ल्या. त्यानंतर बाजरीची भाकरी, भोगीचे उरलेले खेंगट, भरीत आणि ताक असे जेवण होते. ते चांगले होते, पण खरे सांगायचे तर त्याला न्याय देण्याइतकी जागा कोणाच्याच पोटात नव्हती. हुरड्यानंतर जेवण ठेवण्याचा हा सगळीकडचाच रिवाज मला कधी पटलेला नाही. त्याऐवजी नुसता ताकाचा तांब्या ठेवावा आणि दर शंभर रुपयांनी कमी करावा.

उणेही सांगितले पाहिजे. शेजारच्या लिंबाखाली एका कार्यालयाची मंडळी आली होती आणि त्यांनी आणलेल्या ध्वनिवर्धकावर गाणी सुरू होती. विनंती केल्यावर मालकांनी आवाज कमी करवून घेतला, पण अशा गोष्टी बुकिंग घेतानाच स्पष्ट केलेल्या बऱ्या. जेवणाला प्लास्टिकची ताटे होती. स्वच्छतागृह एकच होते, तरी नीट ठेवलेले होते. सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढली की आगटीवर एका वेळी ढीगभर कणसे टाकली जातात आणि मग अर्धी कच्ची, अर्धी करपलेली निघतात, हा माझा इतर ठिकाणचा जुना अनुभव आहे. शक्य असेल तर कामाच्या दिवशी आणि सकाळी दहाच्या आत पोहोचावे.

आता शेंगापोळीकडे वळते, कारण या तीन दिवसांतला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत टिकाऊ आनंद तोच होता. बाहेरच्यांना गुळपोळी ठाऊक असते. शेंगापोळी तिची सोलापुरी, कानडी वळणाची बहीण. दाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, साले काढून बारीक कूट करायचा, त्यात मऊ गूळ, थोडे तीळ, वेलची घालून मळायचे आणि कणकेच्या पारीत भरून लाटायचे. सांगायला एवढेच, पण सारण कडेपर्यंत पोहोचवणे आणि तरीही ते फुटून तव्यावर जळू न देणे, यात लाटणाऱ्या हाताची कसोटी लागते. कडा कोऱ्या राहिल्या की ती पोळी फसली, असे माझी आई म्हणत असे, आणि ती कोऱ्या कडा तोडून गुपचूप आमच्या दादाच्या ताटात सरकवत असे.

रंगकामामुळे यंदा घरी तवा चढणार नव्हता, म्हणून बाळीवेस भागात घरातूनच पोळ्या करून देणाऱ्या एका मावशींकडे आठ दिवस आधी पन्नास पोळ्या सांगितल्या होत्या. एकीला अठरा रुपये. वर्तमानपत्राचा कागद, त्यावर बटर पेपर आणि मग डबा, अशा त्या बांधून मिळाल्या. मी दारातच एक मोडून पाहिली. काठाला हलका कट् असा आवाज झाला, तुकडा सरळ रेषेत तुटला, आणि तुटलेल्या बाजूला पारीचे दोन पातळ पदर व त्यांच्यामध्ये तपकिरी सारण थेट कडेपर्यंत दिसले. आईने ही पोळी पसंत केली असती. गोडी बेताची, दाण्यांचा खमंगपणा पुढे आणि वेलची मागे. एकच तक्रार करता येईल, की पिठात मोहन किंचित जास्त पडले होते, त्यामुळे डब्यातल्या तळच्या चार-पाच पोळ्यांचा भुगा झाला. तो भुगा भाचीने तूप घालून चमच्याने खाल्ला आणि तीच खरी खायची पद्धत असल्याचे जाहीर केले. ताज्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची पोळी अधिक मुरलेली लागते, त्यामुळे घेतल्या घेतल्या निकाल देऊ नये.

हॉटेलानेही संक्रांत मनावर घेतली होती, पण आपल्या पद्धतीने. तळमजल्यावरच्या काचेच्या कपाटात ‘शेंगापोळी चीजकेक’ होता, तीनशे वीस रुपयांना एक तुकडा. थट्टा करायच्या तयारीनेच मी तो मागवला, आणि प्रामाणिकपणे लिहायचे तर तो वाईट नव्हता. खाली भाजलेल्या कुटाचा थर, वर गुळाची चव असलेली साय. फक्त तो थंडगार होता, आणि शेंगा व गूळ हे पदार्थ थंड झाले की मुके होतात. त्याच्या उलट गत सकाळच्या न्याहरीतल्या हुरड्याच्या थालीपिठाची. त्यासाठी वापरलेला हुरडा गोठवलेला असल्याचे आचाऱ्याने विचारल्यावर निःसंकोच सांगितले. वीस किलोमीटरवर ताजी कणसे उभी असताना गोठवलेला हुरडा कशासाठी, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, मेन्यू वर्षभर तोच असतो.” बाकी न्याहरीत पास्ता, टोमॅटोच्या रसातले घेवडे, तीन प्रकारचे पाव आणि उत्तम इडली होती. इडली खरोखर उत्तम होती. सांबारात तर शेवग्याच्या शेंगा कोवळ्या होत्या. ज्वारीची भाकरी मात्र कोठेही नव्हती.

असे असले तरी या हॉटेलाची शिफारस मी करीन, आणि ती गच्चीसाठी. संक्रांतीच्या संध्याकाळी होमविधी पाहून, पाय दुखेपर्यंत गड्ड्यात फिरून आम्ही परतलो, तेव्हा स्वागतकक्षातला तोच मुलगा म्हणाला की पाचव्या मजल्याच्या वर जाऊन या, आज कोणी नाही. वर वेताच्या खुर्च्या, कुंड्यांत तुळस आणि मोगरा, एक बारीक पिवळा दिवा. समोर दूरवर सिद्धेश्वराच्या तळ्यात रोषणाईचे देऊळ उलटे उतरलेले, त्याच्या पलीकडे भुईकोटाच्या तटाची काळी रेघ, आणि होम मैदानावरचा मोठा पाळणा रंग बदलत फिरत होता. वाऱ्याची दिशा फिरली की त्याच्या भोंग्याचा आवाज यायचा आणि परत बुडायचा. मी आयुष्यभर गड्डा खालून, गर्दीतून, कोणाचा तरी हात घट्ट धरून पाहिला आहे. वरून पाहिला तो पहिल्यांदाच. चहा मागवला, आणि या वेळी तो खऱ्या दुधाचा, आले घातलेला आला. पन्नास रुपये कप. भाचीने डब्यातून पोळ्या काढल्या. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत अशी पाटी दाराशी होती, पण चहा आणणाऱ्या पोऱ्याने ती पाहिली नाही असे केले, आणि आम्ही त्याला एक पोळी दिली.

खोलीचे भाडे रात्रीला चार हजार दोनशे, न्याहरीसह. टापटीप, जागा, कर्मचाऱ्यांचे वागणे आणि ती गच्ची पाहता ते जास्त नाही. मात्र वातानुकूलन, चहाची पूड आणि गरम पाण्यासाठी रोज सोडावा लागणारा दहा मिनिटांचा नळ यांचा हिशेब धरला तर पाचशेने कमी असते तर बरे, असे वाटते. शक्य झाल्यास तळ्याच्या बाजूची वरच्या मजल्यावरची खोली मागावी. रस्त्याच्या बाजूला पहाटेपासून भोंगे ऐकू येतात.

वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि हॉटेलाची न्याहरी साडेसातला सुरू होते. या अडचणीची कल्पना आदल्या रात्री दिली होती, म्हणून पहाटे पाचला तिघांसाठी बांधलेल्या पिशव्या तयार होत्या: प्रत्येकीत दोन सँडविच, एक केळे आणि फळांच्या रसाचा डबा. यात्रेतले शोभेचे दारूकाम त्याच दिवशी रात्री असल्याने ते चुकणार, म्हणून भाची रुसली होती. दादाने सँडविचच्या पिशव्या बॅगेत टाकल्या आणि उरलेल्या अठरा पोळ्यांचा डबा मात्र हातात धरून तो गाडीत चढला. पावणेसातनंतर त्याचा फोन आला. गाडी कुर्डुवाडीला थांबली होती, सँडविच तशीच होती, आणि पुढच्या संक्रांतीला पन्नासऐवजी शंभर पोळ्या सांग, असे वहिनी मागून बोलताना ऐकू येत होते.